कार्लटन : गेल ऑम्वेट आणि एलिनॉर झेलियट यांचे छोटे कॉलेज

गेल ऑम्वेट आणि एलिनॉर झेलियट ही नावे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. महात्मा फुल्यांपासून सुरू झालेल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करता करता सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच होऊन गेलेल्या ऑम्वेट, आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर १९६९ साली पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण करणाऱ्या झेलियट. दोघींची पुस्तके आज आपल्या चळवळीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला उघडावीच लागतात.

या दोघींना जोडणारा एक धागा मात्र फारसा बोलला जात नाही. अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे मिनिआपोलिस शहरापासून साधारण ६५ किलोमीटरवर नॉर्थफील्ड हे छोटे गाव आहे. या गावातल्या कार्लटन कॉलेजात गेल ऑम्वेट शिकल्या आणि त्याच कॉलेजात झेलियट यांनी १९६९ ते १९९७ अशी अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवला. एक गुरू आणि दुसरी शिष्या असे मात्र नाही. झेलियट तिथे रुजू झाल्या तेव्हा ऑम्वेट पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

ज्या कॉलेजचे नाव आपल्याकडे शंभरात एकालाही माहीत नसेल, त्या कॉलेजने आपल्या इतिहासाच्या दोन मोठ्या अभ्यासक सांभाळल्या. हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. तिथे शिकवण्याची जी पद्धत आहे तिचा यात वाटा आहे. बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य शिकायचे आहे आणि घरात त्यावरून वाद चालू आहे, अशा कुटुंबांसाठी ही पद्धत काय आहे, ती आपल्या आवाक्यात येते का आणि तिच्यात खाचखळगे कुठे आहेत, ते या लेखात सांगत आहोत.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपले ‘आर्ट्स’ नव्हे

आपल्याकडे आर्ट्स म्हटले की सायन्सला मार्क कमी पडले असणार, असाच अर्थ लावला जातो. लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संगणकशास्त्रही शिकवतात. जुन्या युरोपात या नावाखाली सात विषय मोजले जात : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. ‘लिबरल’ हा शब्द लॅटिनमधून आला आहे. गुलाम नसलेल्या, स्वतंत्र माणसाला शोभणारे शिक्षण असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे हे शिक्षण कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, याची भिंत नावातच होती. आपल्या वाचकांना ही भिंत ओळखीची वाटेल. अमेरिकेतल्या काही छोट्या कॉलेजांनी ती लवकर पाडायला घेतली. ओहायो राज्यातले ओबर्लिन कॉलेज १८३३ साली सुरू झाले आणि १८३५ मध्ये तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरले. केंटकीतल्या बेरिया कॉलेजची गोष्ट पुढे सांगू.

कार्लटनची स्थापना १८६६ ची, चर्चच्या मंडळींनी केलेली. पुढे विल्यम कार्लटन नावाच्या देणगीदाराने मोठी रक्कम दिली आणि कॉलेजला त्याचे नाव लागले. (कॅनडात ओटावा येथे कार्लटन युनिव्हर्सिटी आहे, ती वेगळी. अर्ज करताना गल्लत होते.) विद्यार्थी सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात याहून जास्त असतात. एम.ए., पीएच.डी. इथे नाहीच, फक्त चार वर्षांची पदवी. त्यामुळे प्राध्यापकाला पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांमागे लपून पदवीचे वर्ग दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. साधारण नऊ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण पडते. बहुतेक मुले कॉलेजच्या आवारातच राहतात.

नदीपलीकडे टेकडीवर सेंट ओलाफ हे दुसरे छोटे कॉलेज आहे. गावाचे घोषवाक्य ‘गायी, कॉलेजे आणि समाधान’ अशा अर्थाचे आहे, यावरून गावाचा अंदाज यावा.

वर्गात काय चालते

वर्ष दहा-दहा आठवड्यांच्या तीन सत्रांत विभागलेले असते. एका सत्रात साधारण तीनच विषय. ऐकायला सोपे वाटते, पण दहा आठवड्यांत एक विषय संपवायचा तर दर आठवड्याला वाचनाचा ढीग असतो. पहिल्याच सत्रात प्रत्येकाला छोट्या गटाचा एक वर्ग घ्यावा लागतो. एखादे म्हणणे कसे मांडायचे, त्यावर प्रश्न कसे करायचे, पुरावा कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा, एवढेच तिथे शिकवतात. विषय इतिहासाचा असो की खगोलाचा.

मुख्य विषय पहिल्या दिवशी ठरवायचा नसतो. तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा. तोपर्यंत विज्ञान, आकडेवारी, साहित्य, समाजशास्त्र, एक परकी भाषा आणि प्रत्यक्ष कलाकाम अशा वेगवेगळ्या वाटा चालून पाहाव्या लागतात. अकरावीलाच मुलाचे आयुष्य एका फांदीला बांधून टाकायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. घरात याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नसेल, तर मानववंशशास्त्र नावाचा विषय असतो हे मुलाला कळणार तरी कसे?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः लिहिलेल्या निबंधांचा एक संच तपासणीसाठी द्यावा लागतो. रसायनशास्त्र घेणाऱ्यालाही यातून सुटका नाही. चौथ्या वर्षी मुख्य विषयात एक मोठे स्वतंत्र काम असते. इतिहासाचा विद्यार्थी असेल तर मूळ कागदपत्रांवर आधारलेला प्रबंध, इतर विभागांत प्रयोग, सादरीकरण किंवा परीक्षा. ते झाल्याशिवाय पदवी नाही.

वर्ग म्हणजे बहुधा टेबलाभोवती बसलेली पंधरा-वीस मुले. प्राध्यापक नोट्स सांगत नाहीत. आदल्या रात्री वाचायला दिलेले सगळ्यांनी वाचले आहे असे धरून ते एक प्रश्न टाकतात आणि थांबतात. त्या शांततेत पहिल्यांदा बोलणे, तेही इंग्रजीत, ही आपल्या मुलांसाठी सगळ्यात अवघड गोष्ट असते. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेल्या मुलाला सुरुवातीला वाटते की बरोबर उत्तर कोणीतरी लपवून ठेवले आहे. ते लपवलेले नसते. निबंध दिला की तो लाल शाईने भरून परत येतो आणि पुन्हा लिहायचा असतो. पुन्हा लिहायला लावणे म्हणजे नापास करणे नव्हे, हे कळायला काहींना एक सत्र लागते, काहींना वर्ष.

पीएच.डी.पर्यंत जाणाऱ्यांचे मोठे प्रमाण ही कार्लटनची जुनी ओळख आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन १८८० साली इथूनच पदवीधर झाले. ऑम्वेट यांनी कार्लटननंतर बर्कली येथे समाजशास्त्रात १९७३ मध्ये पीएच.डी. केली. विषय होता १८७३ ते १९३० या काळातली पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावलाच त्यांचे निधन झाले.

झेलियट यांची वाट

झेलियट यांचे स्वतःचे शिक्षणही छोट्या कॉलेजांतले. जन्म १९२६ चा, आयोवा राज्यातला, क्वेकर पंथाच्या घरातला. पदवी आयोवातल्याच विल्यम पेन या क्वेकर कॉलेजची, एम.ए. ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून. १९६० च्या दशकात त्या पुण्यात राहिल्या, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या माणसांना भेटल्या, त्यांच्याकडची पत्रके, मासिके, आठवणी गोळा केल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांचा प्रबंध पूर्ण झाला आणि त्याच वर्षी त्या कार्लटनला लागल्या. ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हा त्यांचा लेखसंग्रह १९९२ चा. मुल्कराज आनंद यांच्याबरोबर त्यांनी दलित साहित्याचा इंग्रजी संग्रहही संपादित केला. ५ जून २०१६ रोजी त्या गेल्या.

त्यांच्या कामाचा एक भाग पुस्तकांत दिसत नाही. मिनेसोटातल्या थंडीत, उणे वीस अंशात, वर्गात येणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना त्यांनी जवळजवळ तीन दशके भारत शिकवला, त्यात आंबेडकरही आले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या कॉलेजांचा मिळून पुण्यात एक अभ्यासक्रम अनेक वर्षे चालला. मुले यायची, मराठी शिकायची, पुण्यातल्या कुटुंबांत राहायची. बोधगयेतही असाच एक बौद्ध अध्ययनाचा अभ्यासक्रम अँटिऑकने १९७९ मध्ये सुरू केला आणि पुढे तो कार्लटनकडे आला. तिथे विद्यार्थी बर्मी विहारात राहत, पंचशील पाळत आणि वेगवेगळ्या बौद्ध परंपरांतल्या ध्यानपद्धती शिकत. अमेरिकन मुलगा चार महिने पंचशील पाळून अभ्यास करतो आणि त्याचे त्याला कॉलेजात गुण मिळतात, हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या आजोबांना हसू येईल. पण ज्या धम्माचा अभ्यास करायचा त्याच्या शिस्तीत काही काळ राहून पाहायचे, ही कल्पना मुळीच वाईट नाही.

इथे आम्हाला एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या चळवळीचा इतिहास विद्यापीठात नेऊन मांडायला आयोवाची बाई का लागावी? आपल्याकडे लिहिणारे नव्हते असे मुळीच नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांचे बहुखंडी चरित्र लिहिले. वसंत मून यांनी शासनाच्या ग्रंथमालेचे खंड संपादित केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. ही कामे बरीचशी नोकऱ्या आणि संसार सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर झालेली. अठराव्या वर्षी कोणी यांना चार वर्षे फक्त वाचायला, विचारायला आणि लिहायला दिली असती तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाबासाहेबांनी काय निवडले होते

घरातल्या वादात नेहमी येणारा मुद्दा असा : बाबासाहेब एवढे शिकले, तूही इंजिनिअर हो. बाबासाहेब इंजिनिअर नव्हते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातली त्यांची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी एक. कोलंबिया हे छोटे कॉलेज नव्हे, मोठे विद्यापीठ आहे. पण ही यादी पाहा. डिग्रीपुरते अर्थशास्त्र घेऊन ते थांबले नाहीत. जातीवरचा त्यांचा पहिला प्रसिद्ध निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात वाचलेला नव्हता. तो ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. टेबलाभोवतीच्या अशाच एका वर्गात.

स्वतः संस्था काढली तेव्हाही मुंबईत १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे काढले. मराठवाड्यात जून १९५० मध्ये जे कॉलेज सुरू झाले त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्खूंना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. कॉलेजांना सहसा गुरूचे किंवा देणगीदाराचे नाव देतात. इथे कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले या आवारात राहून शिकली. ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे याच मिलिंदचे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी मुलांसाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले ते इथेच. राहण्याची सोय, वाचनालय, नाटक, मासिक, शिक्षकांशी रोजचा संबंध : नॉर्थफील्डचे कॉलेज ज्या गोष्टींचा अभिमान बाळगते, त्यातल्या बऱ्याच नागसेनवनात होत्या.

पैशाचे काय

कार्लटनचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणे आणि जेवण, ८० हजार डॉलरच्या वर आहे. हा आकडा पाहून बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये. प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाला जेवढे झेपत नाही तेवढी मदत आपण करू, अशी हमी कार्लटन देते आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही ती लागू आहे. मात्र परदेशी विद्यार्थ्याने किती मदत मागितली आहे हे प्रवेश देतानाच विचारात घेतले जाते. म्हणजे मदत लागणाऱ्याला प्रवेश मिळणे जास्त कठीण. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन या छोट्या कॉलेजांचे धोरण वेगळे आहे : परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना तो पैसे भरू शकतो का हे पाहत नाहीत. अर्थात तिथे स्पर्धा भयंकर असते.

बेरियाची तऱ्हा आणखी निराळी. १८५५ साली गुलामगिरीच्या विरोधकांनी स्थापलेल्या या कॉलेजात काळी-गोरी मुले एकत्र शिकत. १९०४ मध्ये केंटकी राज्याने कायदा करून ते बंद पाडले. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ मध्ये हरले. १९५० मध्ये कायदा बदलल्यावर दारे पुन्हा उघडली. आज बेरिया कोणाकडूनही शिकवणी फी घेत नाही. त्याबदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचे काम करावे लागते. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्याच आहेत.

आता आपल्या सरकारी योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीनंतरच्या पदवीला ती नाही. शिवाय ती क्यूएस क्रमवारीवर चालते आणि त्या क्रमवारीत पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही शिकवणाऱ्या संस्थाच घेतात. कार्लटनसारखे कॉलेज त्यात कधी दिसणारच नाही. आपल्या घरांत ही नावे पोहोचत नाहीत त्याचे एक कारण हेच आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे झेलियट यांनी ज्या विषयावर पीएच.डी. केली, तोच विषय घेऊन आपल्या वस्तीतली मुलगी परदेशी निघाली, तर या सूचनांनुसार तिला पैसे मिळणार नाहीत. अर्ज करणाऱ्यांनी त्या त्या वर्षीची सूचना मुळातून वाचावी, आणि संघटनांनी हा मुद्दा सोडू नये.

भारतातही आता या धर्तीचे शिक्षण मिळते : पुण्यात फ्लेम, सोनिपतला अशोका, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ. तिन्ही खासगी. फी आपल्या घरांना न झेपणारी, पण प्रत्येकाची आर्थिक मदतीची योजना आहे. अझीम प्रेमजी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फी आणि राहण्याच्या खर्चात सवलत देते. परदेशाचा विचार करणाऱ्याने इथेही अर्ज करून ठेवावा.

जाण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

नोकरीचा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत पदवीनंतर परदेशी विद्यार्थ्याला साधारण एक वर्ष काम करण्याची परवानगी मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी दोन वर्षे वाढवून मिळतात. इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेणाऱ्याला ती वाढ नाही. म्हणून या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांनी पुढे एम.ए., पीएच.डी. किंवा कायद्याचे शिक्षण धरूनच हिशेब करावा. कर्ज काढून पदवीसाठी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्ण मदत मिळाली तर जावे. व्हिसाचे नियमही अलीकडे वारंवार बदलत आहेत.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. दोन हजारांच्या कॉलेजात भारतीय थोडे आणि आपले त्याहून थोडे. आडनाव विचारून अंदाज घेणारे तिथेही भेटतात. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला, मेन राज्यातल्या कोल्बी या छोट्या कॉलेजने २०२१ मध्ये केला. अर्ज करण्याआधी कॉलेजच्या नियमांत ‘जात’ हा शब्द आहे का, हे पाहून ठेवावे.

तयारी अकरावीपासून लागते. अर्ज बारावीच्या वर्षात, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर जातात. निकाल मार्चअखेर कळतो. स्वतःबद्दलचा निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि आर्थिक माहितीचा तपशीलवार फॉर्म एवढे लागते. शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. वर्गात या मुलाने काय विचारले, काय वाचले, हे शिक्षकाने लिहायचे असते, तेव्हा शिक्षकांना दोन महिने आधी सांगावे. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून ठेवावे. वडील मजुरी करतात, पगाराची पावती नाही, अशी स्थिती असेल तर कॉलेजच्या प्रवेश विभागाला सरळ ईमेल करून ती कळवावी आणि त्याऐवजी कोणती कागदपत्रे चालतील ते विचारून घ्यावे.